रक्तातली धग आणि टाकीतले पाणी

अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर असो की मुलुंड, डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर दहा मिनिटे बसले की एक प्रश्न हमखास कानावर येतो: ‘क्रिएटिनिन किती आलं?’ रुग्ण एकमेकांना विचारतात, टेक्निशियन विचारतो, गावाकडून आलेल्या फोनवरही आधी तोच आकडा सांगितला जातो. नऊचे सात झाले तर घरात जरा हलके वाटते. मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याआधी हा आकडा महत्त्वाचा असतो, यात वाद नाही. पण माणूस एकदा कायमचा यंत्रावर गेला की त्याचा अर्थ बदलतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. डायलिसिसमध्ये काहीच बदल केलेला नसताना सेशनआधीचे क्रिएटिनिन महिन्यामागून महिना उतरत असेल आणि सोबत वजनही उतरत असेल, तर मूत्रपिंडे सुधारत आहेत असे बहुतेक वेळा नसते. माणसाचे मांस झडत असते. ज्या आकड्यावर घर पेढे वाटायला निघते, तोच आकडा वाईट बातमी असू शकतो.

मांस कशाने झडते? खाणे कमी पडते हे एक कारण. दुसरे, आणि अधिक चिवट, कारण म्हणजे शरीरात सतत धुमसणारा दाह. डायलिसिसवरची माणसे प्रामुख्याने हृदयविकाराने दगावतात आणि त्याखालोखाल जंतुसंसर्गाने. या दोन्हींच्या मागे रात्रंदिवस चेतवलेली आणि त्यामुळेच थकलेली प्रतिकारयंत्रणा उभी असते. तिच्या खुणा रक्तात सापडतात, मोजता येतात, त्यातल्या काही तर अगदी स्वस्तात. उपनगरांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत डायलिसिसच्या खाटा वाढल्या, धर्मादाय केंद्रे निघाली, सरकारी योजना आल्या. या खुणांकडे बघण्याची सवय मात्र लागली नाही. आणि आता लागलीच तर ती महागड्या तपासणी पॅकेजांच्या बाजूने, म्हणजे उलट्या टोकाने लागेल, अशी भीती वाटते.

आधी ही धग काय असते ते पाहू. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी शत्रू दिसला की चेततात, काम झाले की शांत होतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या शरीरात त्यांना शांत व्हायला उसंतच मिळत नाही. साचलेली विषद्रव्ये त्यांना डिवचतात. अंगात पाणी जास्त झाले की आतड्याची भिंत सुजते आणि आतड्यातल्या जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात. मानेत बसवलेला कॅथेटर हा शरीरासाठी परका पदार्थच. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा सगळे रक्त शरीराबाहेर काढून प्लास्टिकच्या नळ्यांतून आणि डायलायझरच्या हजारो बारीक तंतूंतून फिरवून आणले जाते. सतत हाकारे देऊन दमलेली ही यंत्रणा खरा शत्रू आला की कमी पडते. हेपटायटिस बीच्या लशीचेच बघा. निरोगी प्रौढांत दहापैकी नऊहून अधिक जणांत पुरेशी प्रतिपिंडे तयार होतात. डायलिसिसवरच्या रुग्णांत हे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर असते, म्हणून त्यांना दुप्पट मात्रा द्यावी लागते आणि दरवर्षी प्रतिपिंडे तपासावी लागतात. चेतलेली आणि तरीही दुबळी, अशी ही दुहेरी अवस्था आहे. ‘इम्युनिटी वाढवणारे’ चूर्ण किंवा काढा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ज्या घोड्याला आधीच चाबूक बसतोय त्याला आणखी एक चाबूक मारून काही साधत नाही. आणि अनेक काढ्यांतले पोटॅशियम या रुग्णांच्या हृदयाला थेट धोक्याचे असते, हे वेगळेच.

हे सगळे वैद्यकाला एका दिवसात उमगले नाही. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समधल्या कांपन गावी पहिले यंत्र चालवले. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची नळी बसवण्याची युक्ती काढली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. मुंबईकरांच्या स्मरणातला सर्वांत प्रसिद्ध डायलिसिस रुग्ण म्हणजे जयप्रकाश नारायण. आणीबाणीच्या स्थानबद्धतेतून नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटल्यावर त्यांना जसलोक रुग्णालयात आणले गेले. त्यानंतर ऑक्टोबर १९७९ मध्ये पाटण्यात निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर जगले. त्या काळी जगभर डायलायझरमध्ये कापसाच्या सेल्युलोजपासून बनवलेली क्युप्रोफेनची पडदी सर्रास वापरात होती. सेशन सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक घटतात, हे डॉक्टरांना दिसत होते. त्या फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत जाऊन अडकतात आणि याला कारण पडदीला स्पर्श होताच रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनांची साखळी पेटणे हे आहे, हे १९७७ च्या सुमारास स्पष्ट झाले. १९८३ मध्ये डायलिसिस स्वतःच पेशींकडून इंटरल्युकिन-१ सारखी दाहक द्रव्ये सोडवून घेते, असा सिद्धांत मांडला गेला. आणि १९८५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्यांच्या मनगटाच्या नसा आवळणारा, सांध्यांत साचणारा पदार्थ म्हणजे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन. ते आपल्या जवळपास सर्व पेशींच्या पृष्ठभागावर असते, लिम्फोसाइट चेतले की जास्त सुटते, आणि जुन्या पडद्यांच्या छिद्रांतून बाहेर पडू शकत नाही. जीव वाचवणारा उपचारच शरीराला सतत डिवचतो, हे त्या दहा वर्षांत कळले. आजच्या कृत्रिम पडद्या पुष्कळ सौम्य आहेत. प्रश्न संपलेला नाही.

चेतलेल्या प्रतिकारयंत्रणेच्या खुणांची यादी आज लांबलचक आहे: निओप्टेरिन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, इंटरल्युकिन-६, टीएनएफचे सुटे ग्राहक, इंटरल्युकिन-२ चा सुटा ग्राहक. यातले निओप्टेरिन मोठे बोलके. टी-पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा सोडले की मॅक्रोफेज पेशी ते तयार करतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते कर्करोग आणि विषाणूसंसर्गाच्या रुग्णांच्या लघवीत हेरले. पुढे त्या देशाने रक्तदात्यांच्या तपासणीतही त्याचा वापर केला. पण हे सगळे निरोगी मूत्रपिंडांच्या माणसांत. निओप्टेरिन हा छोटा रेणू, तो बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडाचे. मूत्रपिंडच बंद पडले की तो साचतो. तुंबलेल्या मोरीत पाण्याची पातळी बघून नळ जोरात सुटलाय की निचराच होत नाही, हे जसे सांगता येत नाही, तशी इथे गत होते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचेही तेच: निरोगी माणसात लिटरला एक-दोन मिलिग्रॅम, डायलिसिसवर वीस-चाळीसही. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांची असते. त्यामुळे डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाच्या अहवालात या आकड्यांपुढे ठळक अक्षरात ‘वाढलेले’ येणारच. घरच्यांची झोप उडणार, आणि कळणार काहीच नाही. हे आकडे दोन रुग्णांची तुलना करताना किंवा एकाच रुग्णाचा कल वर्षभर पाहताना संशोधकाला उपयोगी पडतात. एका सुट्या कागदावर ते मुके असतात.

सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनचे (सीआरपी) तसे नाही. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेले, यकृतात तयार होणारे हे मोठे प्रथिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडत नाही. म्हणून मूत्रपिंड बंद असले तरी सीआरपी वाढला तर तो साचून वाढत नाही, तो तयार होऊन वाढतो. दाह थांबला की एक-दोन दिवसांत निम्म्याने उतरू लागतो. वाढलेला सीआरपी असलेले डायलिसिस रुग्ण इतरांपेक्षा लवकर दगावतात, हे १९९९ पासून पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्याच सुमारास स्वीडनच्या पीटर स्टेनविंकेल यांच्या गटाने कुपोषण, दाह आणि रक्तवाहिन्यांचा काठिण्यविकार हे तिघे एकमेकांचा हात धरून येतात असे मांडले. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे प्रमाण कमी असणे हे मृत्यूचे जोरदार भाकीत आहे, हे तर १९९० पासून ज्ञात आहे. म्हणजे उपनगरातल्या कुठल्याही साध्या प्रयोगशाळेत होणाऱ्या, काही शे रुपयांच्या दोन तपासण्या, सीआरपी आणि अल्ब्युमिन, पुष्कळसे सांगून जातात. पण दर महिन्याच्या तपासण्यांत क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम, हिमोग्लोबिन असते. अल्ब्युमिन कधी असते कधी नसते, आणि सीआरपी ताप आल्याशिवाय कोणी मागत नाही.

समजा, अशीच एक फाईल उघडली. हिमोग्लोबिन ७.८. रक्तवाढीचे इंजेक्शन, म्हणजे इरिथ्रोपोएटिन, आठवड्याला दोन होती ती तीन झाली. फेरिटिन १३००, म्हणून कुणीतरी ‘लोह भरपूर आहे’ असे लिहून लोहाचे सलाईन बंद केले. त्याच पानावर ट्रान्सफेरिनची संपृक्तता १४ टक्के, म्हणजे मज्जेपर्यंत लोह पोचतच नाही. अल्ब्युमिन २.९. वजन चार महिन्यांत पाच किलो उतरलेले, ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचे ठरवलेले वजन, मात्र जुनेच, त्यामुळे उरलेल्या वजनात पाणी किती आणि मांस किती याचा पत्ता नाही. सीआरपी केलेलाच नाही. हे सगळे आकडे एकच गोष्ट सांगत आहेत. दाहामुळे इंटरल्युकिन-६ वाढते, त्याने यकृत हेप्सिडिन सोडते, हेप्सिडिन लोहाला गोदामात कुलूप लावते. फेरिटिन या गोदामाचा आकडा आहे आणि ते स्वतःही दाहात वाढते. इंजेक्शन कितीही वाढवा, कच्चा मालच सुटत नसेल तर रक्त कुठून बनणार? आणि मात्रा वाढवत नेणे निरुपद्रवी नाही. २००९ च्या ‘ट्रीट’ चाचणीत, डायलिसिसवर नसलेल्या मधुमेही मूत्रपिंडरुग्णांत, अशा औषधाने हिमोग्लोबिन वर ढकलण्याच्या प्रयत्नात पक्षाघात वाढलेले दिसले. इंजेक्शनाला दाद न देणारा अॅनिमिया हा स्वतःच दाहाचा फुकटात मिळालेला निदर्शक आहे. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. फाईलची मागची चार पाने उलटावी लागतात.

या टप्प्यावर सोपा मार्ग निघतो तो रक्त चढवण्याचा. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. परक्या रक्तातल्या पेशींमुळे रुग्णाच्या शरीरात परक्या एचएलए खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडेसुद्धा चेतलेल्या प्रतिकारयंत्रणेची खूणच. ज्याच्या रक्तात ती जास्त, त्याला जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड. घरातल्या दात्याची क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते, आणि मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव असूनही पाळी आली तरी अवयव जुळत नाही. तरुण रुग्णाला रक्ताची बाटली लावण्यापूर्वी त्याच्या प्रत्यारोपणाचा विचार झाला का, हे नातेवाइकांनी विचारलेच पाहिजे.

आकडा वाढला, मग पुढे काय? धगीचे मूळ शोधायचे. मानेतला तात्पुरता कॅथेटर आठवडे उलटून महिने झाले तरी तिथेच आहे का? फिस्टुलासाठी, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या कायमच्या मार्गासाठी, शल्यचिकित्सकाची तारीख का मिळत नाही? हातातला जुना, बंद पडलेला कृत्रिम ग्राफ्ट आत सडतोय का? पूर्वी बसवलेले आणि नाकारले गेलेले मूत्रपिंड पोटात राहिले असेल तर तेही वर्षानुवर्षे दाह पुरवते. हिरड्यांतून रक्त येते का, हे मूत्रपिंडाच्या ओपीडीत फार थोडे विचारतात. आणि मुंबईत एक नाव कधीही यादीतून काढता येत नाही, ते म्हणजे क्षयरोग. डायलिसिसवरच्या माणसाला क्षयाचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो आणि तो बऱ्याचदा फुप्फुसाबाहेर, गाठींत, छातीच्या आवरणात किंवा पोटात लपतो. खोकला नसतो, एक्स-रे स्वच्छ असतो, ताप बारीक असतो. प्रतिकारयंत्रणा थकल्यामुळे मांटू ही क्षयाची त्वचाचाचणीही खोटी निगेटिव्ह येऊ शकते. महिनोन्‌महिने चढा सीआरपी, उतरते वजन, इंजेक्शनाला दाद न देणारे हिमोग्लोबिन आणि कारण काहीच सापडत नाही, अशी फाईल घाटकोपरच्या चाळीत राहणाऱ्या माणसाची असो की अंधेरीच्या टॉवरमधल्या, क्षयाचा कसून शोध घेतल्याशिवाय मिटू नये. हेपटायटिस सीबाबतही हीच गफलत होते: दुबळी यंत्रणा प्रतिपिंडे उशिरा किंवा कमी बनवते, म्हणून नुसती प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह आली की निर्धास्त होता येत नाही, विषाणूची थेट चाचणी लागते. जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून या आजाराची औषधे मोफत मिळतात, तेव्हा शोध घेण्याला अर्थही आहे.

आता त्या कारणाकडे येऊ, जे रुग्णाच्या शरीरात नाहीच. ते केंद्राच्या मागच्या खोलीत आहे.

डायलिसिसमध्ये मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव पडदीच्या पलीकडून वाहतो. चार तासांत १२० लिटर. निरोगी माणूस आठवड्याला चौदा-पंधरा लिटर पाणी पितो आणि तेही आतड्याच्या भिंतीतून गाळून घेतो. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त आठवड्याला अडीचशे-साडेतीनशे लिटर पाण्याशी एका अतिपातळ पडदीआडून भिडते. पाण्यातले जिवंत जंतू ती पडदी सहसा ओलांडत नाहीत, पण मेलेल्या जंतूंच्या भिंतींचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन आणि त्याहून छोटे अंश, ओलांडतात. मात्रा मोठी असेल तर सेशन सुरू झाल्यावर तासाभरात हुडहुडी भरून ताप येतो. मात्रा छोटी असेल तर काहीच जाणवत नाही. फक्त मोनोसाइट पेशी प्रत्येक सेशनला थोड्या थोड्या चेतत राहतात, आणि ती नोंद सीआरपीत, अल्ब्युमिनमध्ये, हिमोग्लोबिनमध्ये हळूहळू उमटते.

मुंबईला पाणी देणारे सात तलाव आणि भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल यांबद्दल शहराला वाटणारा अभिमान रास्तच आहे. पण प्यायला उत्तम पाणी डायलिसिसला चालत नाही. शिवाय भांडुपहून निघालेले पाणी उपनगरातल्या केंद्रात पोचेपर्यंत ठरावीक तासांच्या पुरवठ्याची जुनी जलवाहिनी, इमारतीची तळटाकी, गच्चीवरची टाकी एवढा प्रवास करते. उन्हाळ्यात कपात लागली की टँकर येतो, त्यात बहुधा विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी. एप्रिल २०२५ मध्ये भूजल परवान्यांच्या नियमांवरून मुंबईतल्या टँकरमालकांनी संप केला, तेव्हा उपनगरे टँकरवर किती विसंबून आहेत ते सगळ्यांना दिसले. पाण्याचा स्रोत असा महिन्यागणिक बदलत असेल तर शुद्धीकरणाची यंत्रणाही त्या हिशेबाने सांभाळावी लागते.

आणि इथे एक पेच आहे. प्यायच्या पाण्याचे रक्षण करणारे क्लोरिन डायलिसिसच्या पाण्यातून काढून टाकावेच लागते, नाहीतर ते तांबड्या पेशी फोडते. त्यासाठी कार्बनची टाकी असते. पण कार्बनच्या पुढे गेलेल्या पाण्याला रखवालदार उरत नाही. तिथून आरओच्या पडद्या, साठवण टाकी आणि खाटांपर्यंतची पाइपांची वळणे, यांत कुठेही पाणी थांबून राहिले की जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. केंद्राच्या मागच्या खोलीत डोकावले तर भिंतीवर एक वही टांगलेली दिसते आणि तिच्यात रोजचा टीडीएस लिहिलेला असतो. आठ, नऊ, आठ. टीडीएस मीटर क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. जंतूंसाठी पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाचा नमुना घेऊन वेगळ्या पद्धतीने वाढवावा लागतो. डायलिसिसच्या पाण्यातले जंतू मंद वाढतात, त्यामुळे प्यायच्या पाण्याच्या नेहमीच्या चाचणीत ते निसटतात. एंडोटॉक्सिनची चाचणी आणखी वेगळी. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार डायलिसिसच्या पाण्यात मिलिलिटरला जंतूंच्या १०० पेक्षा कमी वसाहती आणि ०.२५ पेक्षा कमी एंडोटॉक्सिन एकके असावीत. ‘अतिशुद्ध’ म्हणवणाऱ्या द्रवात हेच आकडे ०.१ आणि ०.०३ च्या खाली. वहीत टीडीएसच्या शेजारी हे दोन रकाने किती केंद्रांत आहेत?

पाण्याची हेळसांड काय करू शकते याचे टोकाचे उदाहरण ब्राझीलच्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये घडले. दुष्काळात टँकरने आणलेले, नीट न गाळलेले पाणी एका डायलिसिस केंद्रात वापरले गेले. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष होते. पन्नासाहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन मेले. तिथे कमी मात्रेच्या जंतुतुकड्यांचा प्रश्न नव्हता, थेट विषच होते. पण दुष्काळ, टँकर आणि गाळण्यातली ढिलाई ही साखळी आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

याच संदर्भात एका नव्या गोष्टीविषयी सावध करणे भाग आहे. २०२३ मध्ये युरोपात १३६० रुग्णांवर झालेल्या ‘कन्व्हिन्स’ चाचणीत जास्त मात्रेच्या हिमोडायाफिल्ट्रेशनने मृत्यूचे प्रमाण साध्या डायलिसिसपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी कमी दिसले. बातमी चांगली आहे आणि मुंबईत या उपचाराचा गवगवाही सुरू आहे. पण त्यात प्रत्येक सेशनला वीसहून अधिक लिटर द्रव पडदीआडून न राहता सरळ रक्तात मिसळला जातो, आणि तो यंत्राने जागेवरच पाण्यापासून बनवलेला असतो. युरोपातल्या त्या केंद्रांत अतिशुद्ध पाणी गृहीत होते. ज्या केंद्राकडे जंतूचाचणीचा अहवालच नाही, तिथे जास्त पैसे मोजून हिमोडायाफिल्ट्रेशन घेणे म्हणजे धग विकत घेणे. तीच गोष्ट डायलायझरच्या पुनर्वापराची. एकाच रुग्णाचा डायलायझर धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा त्यालाच वापरणे खर्चाच्या दृष्टीने समजण्याजोगे आहे, आणि नियम पाळून ते करता येते. त्याची धारणक्षमता ८० टक्क्यांखाली गेली की तो फेकायचा असतो. पण धुण्याचे पाणीच शुद्ध नसेल तर डायलायझरच्या आत, रक्ताच्या बाजूला, जंतूंचे तुकडे राहतात. मग पडदी आडवी येण्याचा प्रश्नच उरत नाही.

उलट्या टोकाचा धोकाही लहान नाही. २०२०-२१ मध्ये करोनाच्या साथीत इंटरल्युकिन-६, फेरिटिन, डी-डायमर हे शब्द उपनगरांतल्या घराघरांत पोचले. व्हॉट्सअॅपवर अहवाल फिरले, आकडा बघून टोसिलिझुमॅब या औषधासाठी माणसे रात्रभर धावली, काळ्या बाजारात लुटली गेली. एकट्या आकड्यावर उपचार ठरवण्याची ती सवय गेलेली नाही. उद्या कुणी ‘डायलिसिस इम्यून प्रोफाइल’ काही हजारांत विकू लागले तर गिऱ्हाइक मिळेल. म्हणून ‘ऑरोरा’ चाचणीची आठवण हवी. २००९ मध्ये डायलिसिस रुग्णांना रोसुव्हास्टॅटिन देऊन पाहिले. वाईट कोलेस्टेरॉल ४३ टक्क्यांनी उतरले, सीआरपीही उतरला, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. इंटरल्युकिन-६ ला थेट अडवणाऱ्या औषधांवर अजून चाचण्या चालू आहेत. आकडा खाली आणणे आणि माणूस वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज ज्या उपायांनी दोन्ही साधण्याची आशा बाळगता येते ते कंटाळवाणे आहेत: कॅथेटर काढून फिस्टुला, दातांची सफाई, क्षयाचा शोध, दोन सेशनमध्ये पाणी कमी पिणे, पूर्ण चार तास, शक्य तिथे आठवड्याला तीनदा, आणि स्वच्छ पाणी.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेली राज्याची आरोग्य योजना, तसेच २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम, यांनी असंख्य घरे कर्जातून वाचवली. ते श्रेय मोठे आहे. पण पैसे सेशनच्या संख्येवर मिळतात. सेशन झाले की बिल निघते. पाणी कसे होते, अल्ब्युमिन उतरले का, याने बिलाचा आकडा बदलत नाही. जिथे दर तुटपुंजा तिथे काटकसर न दिसणाऱ्या जागी होते, आणि पाण्याची चाचणी ही सर्वांत न दिसणारी जागा आहे. धर्मादाय केंद्रांचे विश्वस्त नव्या यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरतात. आरओच्या पाइपलाइनवर नाव कोरायला कोणी पुढे येत नाही. महाराष्ट्राने २०१० चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. कारभार १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर आणि त्याच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांवर चालतो. त्या चौकटीतही महापालिकेला हे करता येईल: प्रत्येक डायलिसिस केंद्राच्या दर्शनी भागात पाण्याच्या शेवटच्या जंतूचाचणीची आणि एंडोटॉक्सिन चाचणीची तारीख व निकाल लावणे सक्तीचे करावे. सरकारी योजनांचे पैसेही त्या कागदाला जोडावेत.

तोपर्यंत रुग्णाच्या हाती थोडे आहे, पण आहे. तीन महिन्यांतून एकदा तरी सेशन सुरू होण्याआधी घेतलेल्या रक्तात सीआरपी आणि अल्ब्युमिन मागा, आणि मागच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. फेरिटिनचा आकडा संपृक्ततेशिवाय वाचू नका, आणि लोहाचे सलाईन नुकतेच झाले असेल तर आठवडाभर थांबून मगच तपासा. इंजेक्शनाची मात्रा वाढवली तर ‘का’ ते विचारा. एकाच शिफ्टमध्ये दोघा-तिघांना हुडहुडी भरली तर ती हवामानाची किंवा नशिबाची गोष्ट समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना लेखी कळवा. स्वतःच्या तपासण्यांच्या आणि उपचारांच्या नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत देणे २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे.